साखळीच्या पलीकडचा चौक

प्रिय आई,

आज सकाळी आमच्या शॉपिंग सेंटरमधली ती साखळी काढली. वॉचमन महादेवकाकांनी स्वतः काढली, हातावर गुंडाळली आणि मला विचारलं, "आता ही ठिवू कुठं?" मला हसू आलं, आणि लगेच डोळे भरून आले. ही बातमी सगळ्यांत आधी तुला द्यायची होती गं! तुझा नंबर माझ्या मोबाइलमध्ये अजून 'आई' म्हणूनच आहे, पण तो लावला की दादा उचलतो. म्हणून लिहायला बसले.

तुला आठवतं, मिरजेत तुझं डोळ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हाचे ते आठ दिवस? दर दोन तासांनी थेंब घालायचे होते. विश्रामबागेतल्या माझ्या खोलीवर तुला एकटीला ठेवून चालणार नव्हतं, म्हणून मी तुला रोज कामावर बरोबर आणायचे. काळा चष्मा, डोक्यावरून पदर, हातात कापडी पिशवी. पहिल्या दिवशी तू पुढच्या पायऱ्यांवर झाडाखाली बसलीस आणि चौफेर बघून म्हणालीस, "आगं, हे बाजारावानी हाय, पर वराडत कोनच न्हाई!"

खरंच की! डोक्यावर छप्पर नाही, दोन चौक, भोवती दुकानं, मधे कारंजं. आठवड्याच्या बाजारासारखंच उघड्यावर, फक्त आवाज नाही. मी तिथं रोज असते, पण मला हे कधी सुचलं नव्हतं.

कारंज्याकडे तर तू कितीतरी वेळ बघत होतीस. "पानी वर उडवत्यात आन परत खालीच पाडत्यात. मग उडवत्यात कशाला?" तेच पाणी फिरून फिरून येतं, असं सांगितल्यावर तुझा जीव भांड्यात पडला. "मग असूं दे," म्हणालीस. दुष्काळी माणच्या बाईचं सगळं लक्ष आधी पाण्याकडेच!

माझं काम काय ते तुला नीट कळलंच नाही, की कळूनही तू मुद्दाम विचारत होतीस? हातात टॅब घेऊन येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवायचं. "तुमचा इथला अनुभव कसा होता? एक ते पाच चांदण्या द्या." तू म्हणालीस, "चांदन्या दिल्यावर त्यांच्या मनातलं तुला कसं गं कळनार?" मी म्हटलं, "आई, हे कॉम्प्युटरला कळतं." किती शहाणपणा होता माझा!

माझ्याकडे बघून लोक फोन कानाला लावायचे. तुझ्याजवळ मात्र येऊन बसायचे. तू चष्म्याआडून विचारायचीस, "कुठल्या गावच्या वो?" संपलं! कडेगावच्या एका बाईनं लेकीच्या लग्नाच्या पिशव्या तुझ्याजवळ ठेवल्या आणि अर्धा तास बोलली. लेकीला आधी नोकरी करायची होती, लेकीच्या बापाला लग्नाची घाई होती, आणि ती दोघांच्या मधे. माझ्या फॉर्मवर तिनं तीन चांदण्या दिल्या होत्या. 'काही सूचना?' तर 'नाही'.

दुसऱ्याच दिवशी तू मला विचारलंस, "त्या साखळीच्या पल्याड काय हाय?"

"मागचा चौक. तिथंही दुकानं आहेत. जाऊन ये की."

"मी न्हाई बाई. साखळी लावलीया, शेजारी बिल्लावाला मानूस उभा हाय. मोठ्या लोकांचं कायतर आसंल."

मी हसले. साखळी एका बाजूला होती, शेजारून दोन माणसं आरामात जातील एवढी वाट होती. कधीतरी कुठल्याशा कार्यक्रमासाठी ती बांधली होती, ती तशीच राहिली. आणि महादेवकाका तिथं उभे राहायचे ते सावलीसाठी! मी हे तुला सांगितलं. तू मान हलवलीस, पण गेली नाहीस.

तिसऱ्या दिवसापासून मात्र तू प्रत्येकाला तेच विचारायला लागलीस. "मागं गेलता का?" आणि मी शेजारून जाताना ऐकायचे: "न्हाई वो मावशी, तिकडं सोडत न्हाईत." "तिकडं मेंबर व्हावं लागतं वाटतं." कॉलेजच्या दोन पोरी म्हणाल्या, "ते अजून उघडलंच नाहीये." संध्याकाळी खोलीवर भाकरी थापता थापता तू म्हणालीस, "समद्यांस्नी तसंच वाटतंय गं. एकटीला मलाच न्हाई."

आणि मी काय म्हणाले? "आई, लोकांना नको ते विचारू नकोस. मला बोलणी बसतील."

बसलीच. पाचव्या दिवशी मॅनेजर सरांनी बोलावून घेतलं. "त्या पायरीवर कोण बसतात? येणाऱ्यांना काय काय विचारत असतात! प्रश्न विचारायचं काम तुमचं आहे की त्यांचं? उठवा त्यांना तिथून."

ती माझी आई आहे, एवढं एक वाक्य. पण माझ्या तोंडातून निघालं नाही गं. "सांगते सर," म्हणाले आणि बाहेर आले. उरलेले तीन दिवस तुला मागच्या स्टोअररूममध्ये बसवलं, झाडू, फिनेलचे कॅन आणि पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यांमध्ये. तू का, कशाला, काही विचारलं नाहीस. सगळ्या जगाला प्रश्न विचारणारी बाई त्या दिवशीच कशी गप्प राहिली? रागावली होतीस का? की माझा चेहरा तुला त्या नव्या डोळ्यानं जरा जास्तच स्पष्ट दिसला होता?

तू गावी गेलीस, आणि दोन महिन्यांत दादाचा फोन आला. गोठ्यातून घरात आलीस, दम लागलाय म्हणालीस, आणि टेकलीस ती उठलीच नाहीस.

तुझं दिवसकार्य उरकून मी कामावर परतले. मागच्या चौकात पिको-फॉल करणाऱ्या नसीमभाभी भेटायला आल्या. त्यांनी माझा हात धरला. "तुमची अम्मी तीन दिवस माझ्याकडंच बसायची. माहीत नाही तुम्हाला? स्टोअरमधून उठून यायची. पहिल्या दिवशी दारातूनच विचारलं, 'दुकान उघडं हाय व्हय? म्होरं लोकांस्नी वाटतंय बंद हाय.' मी नको नको म्हणत होते, तरी चार ब्लाउजांना हुक लावून दिले, एका डोळ्यानं!"

मग त्या हळूच म्हणाल्या, "मी या महिन्यात गाळा सोडतेय. इथं कुणी येतच नाही."

आई, मी तशीच पुढच्या पायऱ्यांवर जाऊन बसले. तुझ्या जागेवर. तिथून पहिल्यांदा बघितलं. आम्ही सगळे कामाला येतो ते मागच्या पार्किंगकडून. सरही तिकडूनच. पुढून आत येताना काय दिसतं, हे आमच्यातल्या एकानंही बघितलं नव्हतं! पुढून ती साखळी आडवीच दिसते. बाजूची वाट कुंडीमागं झाकलेली. आणि तिच्या शेजारी खाकी कपड्यातला, मिशीवाला, हाताची घडी घातलेला माणूस. मला स्वतःलाच वाटलं, नको जायला.

मी टॅब पिशवीत टाकला आणि लोकांना तुझा प्रश्न तुझ्यासारखाच विचारला. दुपारपर्यंत तीच उत्तरं. एक आजोबा म्हणाले, "मी रोज फिरायला येतो बाळ, पण तिकडं आपलं काय काम?"

मग सरांकडे गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "एवढे फॉर्म भरले आपण. कुणी सांगितलं कसं नाही?"

"फॉर्ममध्ये विचारलंच नव्हतं, सर."

"मग तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या आईनं. पायरीवर बसायची ती. तुम्ही तिला उठवायला सांगितलं होतं. ती माझी आई होती, सर. मी तेव्हा बोलले नाही."

ते खुर्चीतून उठले आणि म्हणाले, "चला, दाखवा." आम्ही गेटच्या बाहेर जाऊन पुढून आत आलो. साखळीपाशी ते थांबले आणि महादेवकाकांना म्हणाले, "काका, तुमच्याकडं बघून मलाच परवानगी मागावीशी वाटतेय." काका बिचारे ओशाळले. "आवं सायेब, मी आपला सावलीला हुबा ऱ्हातूय!"

त्याला आठवडा लागला, पण आज साखळी निघाली. काकांना खुर्ची मिळाली, झाडाखाली. सकाळी एक बाई लेकराला घेऊन सरळ मागच्या चौकात गेली, जशी काही ती वाट कायमचीच होती. नसीमभाभी दिवाळीपर्यंत थांबून बघणार आहेत. कोपऱ्यातला खेळण्यांचा दुकानदार मात्र आधीच निघून गेला. त्याला उशीर झाला. मी पाचव्या दिवशी तोंड उघडलं असतं तर?

आणि एक गोष्ट मनातून जात नाही. इतक्या लोकांना अनुभव विचारला, तुला एकदाही विचारला नाही. इथला सोड, कशाचाच नाही! तू एकटी रानात शेरडं राखायचीस तेव्हा काय विचार करायचीस? माझं लग्न मोडलं तेव्हा तुला खरं काय वाटलं? शाळेत जायचं नाही, हे तुला कुणी सांगितलं होतं?

रविवारी मी दहिवडीची गाडी धरणार आहे. तुझ्याबरोबर लहानपणापासून रानात जाणारी तानूमावशी आहे अजून. तिच्या ओसरीवर बसणार आणि तुझ्याबद्दल सगळं विचारणार. तिला ऐकायला कमी येतं, ती एकच गोष्ट तीनदा सांगते, सगळं मान्य! तीनदा ऐकीन. परतीची गाडी चुकली तर तिथंच राहीन, पण या वेळी सगळं ऐकून झाल्याशिवाय उठणार नाही. हा शब्द देते तुला.

तुझीच,
सुरेखा