सळईपाशी पाणी

मंगळवार, १८ नोव्हेंबर २०२५

काल लिहिलेलं चूक आहे. ‘अंबिकाची शंका समजावून दिली’ — नाही! समजावली नाही, गप्प बसवली. खोडत नाही. इथेच खरं लिहिते.

दहावीला वीज चालू आहे. फळ्यावर बॅटरी, बल्ब, दोन वायरी काढल्या. म्हटलं, परिपथ पूर्ण असल्याशिवाय प्रवाह वाहत नाही, गेलेल्याला परत यायला वाट लागते. अंबिका उठली. “टीचर, आमच्या मळ्यात एकच वायर हाय. तरी लाईट जळतंय.” मी म्हटलं, शक्यच नाही, दुसरी तुला दिसली नसेल. वर्ग हसला. “न्हाई टीचर, दुसरं टोक जमिनीत सळईला बांधलंय. लाईट बारीक झाली की मी तांब्याभर पाणी टाकते तिथं. मग भक्क जळतंय.”

मी म्हटलं, खाली बस.

खाली बस! ती रोज डोळ्यांनी बघते ते सांगत होती. मी पुस्तकातली आकृती धरून बसले.

बुधवार, १९

आणि मला ठाऊक होतं! हेच जास्त लागतंय.

दम्यामुळे चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही. वडीलच शिकवायचे. अप्पा शाळेत मास्तर; तिथून आल्यावर, मळ्यातल्या मोटारीच्या खोलीत. मोटारीला तीन फेज येतात, न्यूट्रल, म्हणजे परतीची वायर, येतच नाही. मग दिव्यासाठी एक फेज घ्यायची आणि दुसरं टोक जमिनीतल्या सळईला. “पृथ्वी सगळं पोटात घेते, विनू.” पाणी मीही घालायची. मोठ्या मानाचं काम होतं ते.

पृथ्वीच्या पोटातून प्रवाह पुढे कुठे जातो, हे कधी विचारलं नाही. बी.एस्सी. झालं, बी.एड. झालं. कॉलेजातले परिपथ एका कप्प्यात, अप्पांची सळई दुसऱ्या. दहा वर्षं दोन्ही कप्पे शेजारी, आणि मी एकदाही दोन्ही एकदम उघडले नाहीत.

गुरुवार, २०

पातेल्यात माती, दोन खिळे, नऊ व्होल्टची बॅटरी, एक एलईडी. माती कोरडी — काही नाही. मीठपाणी घातलं — पेटला! वर्गाला सांगितलं: अंबिका बरोबर होती, मी चूक होते. जमीन हीच दुसरी वायर. मातीतून प्रवाह ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगपर्यंत परत जातो. ओल्या मातीचा रोध कमी, म्हणून दिवा भक्क.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. मला बरं वाटलं. पाच मिनिटं.

मग अंबिका टेबलापाशी आली. “पाणी टाकताना पायाला मुंग्या येतात, टीचर. चप्पल काढून जाते न मी, चिखलात भरते म्हणून.”

अनवाणी. चिखलात. रोज संध्याकाळी!

तिला बाजूला बसवून सांगितलं. सळईभोवतीच्या जमिनीतही विजेचा दाब असतो, जवळ जास्त, लांब कमी. एक पाय जवळ, एक लांब, की प्रवाह एका पायातून चढतो, दुसऱ्यातून उतरतो. त्याच मुंग्या. आणि वायर सळईवरून निसटली तर त्या टोकाला पूर्ण दोनशे तीस. तिने सगळं ऐकलं. म्हणाली, “पण लाईट मग कोण मोठी करणार?”

शुक्रवार, २१

हेडसर : “प्रयोग झाले असतील तर पोर्शनकडं बघा. आणि ते मातीचं पातेलं स्टाफरूममधून काढा.”

शनिवार, २२

अंबिकाच्या घरी गेले. तिचे वडील भीमण्णा तुरीला पाणी देऊन नुकतेच आले होते. चहा झाला. मी सळईचं काढलं. ते हसले.

“अक्का, ती सळई तुमच्या अप्पांनीच ठोकून दिलीय की! अर्ध्या गावाला त्यांनीच शिकवलंय. आता तुम्ही उलटं कामून सांगायलाव?”

मी मुंग्यांचं सांगितलं, चिखलाचं सांगितलं.

“बरं, अप्पा काढ म्हणाले तर उद्याच काढतो. सर म्हणजे सर. तुम्ही अजून लहान हाव.”

मी अठ्ठावीस वर्षांची आहे!

रविवार, २३

अप्पांशी बोलले. म्हणजे अप्पा बोलले. झोपाळ्यावर बसून, तळहातावरचा गुळाच्या कढईने भाजल्याचा तो जुना डाग चोळत.

“तू मला वीज शिकवायलीस?”

नाही अप्पा, फक्त भीमण्णांना एकदा सांगा, काढ म्हणून. टॉर्च मिळतो, सोलरचा दिवा मिळतो.

“तीस वर्षं झाली. आजपर्यंत एकाला तरी काही झालंय का? एक नाव सांग. न्हाई न?”

मी मनातल्या मनात गावभर फिरले, नाव सापडलं नाही. काही झालं नाही म्हणजे धोका नाही, असं होत नसतं — हे मला जिन्यात सुचलं. नेहमीसारखं! समोर उभी राहिले की मी परत चौथीतली.

सोमवार, २४

अंबिका : “कालबी टाकले टीचर. पण लांबूनच टाकले.”

तांब्या किती लांब जाणार आहे!

मंगळवार, २५

आईला विचारलं, पालकसभेत मीच सगळ्यांसमोर सांगितलं तर? सळई चूक आहे, आणि ती आमच्या घरातून गेली. आई शेंगा सोलत राहिली. मीही जोर केला नाही. अप्पांची मान खाली जाईल, हे तिला वेगळं सांगायला नको.

बुधवार, २६

सकाळी भाकरी थापताना आई आपणहून बोलली. “सांगणार असशील तर त्यांच्या हाताचं बी सांग. गुळाचं न्हाई ते. वायर निसटली होती, ती बसवायला गेले. तुझ्या जन्माच्या आदल्या वर्षी. भीमण्णाची सळई त्याच्या नंतरची.”

शनिवार, २९ नोव्हेंबर, सकाळी दहा, पालकसभा. अप्पांनी मागितलेलं नाव सांगणार.