रेवाचा अर्ज

३ जून, मंगळवार
जेवून पान लावत होतो तर रेवाचा फोन. माझ्या मुलाची, विजयची थोरली; माझी नात. तिकडं जर्मनीत वकिली शिकते. नुसती जर्मनांची न्हाय, फ्रेंचांचीही, एकदमच. दोन्ही भाषांत पेपर, शेवटी दोन्ही देशांची पदवी. आवाज बसलेला. म्हटलं, सर्दी झाली का गं?

"आप्पा, फ्रेंच करार-कायद्यात नापास झाले. वीसपैकी सहा."

फेरपरीक्षा सतरा तारखेला, तीच शेवटची. तिथं घसरली तर फ्रेंच बाजू गेली, आणि त्या कोर्सात एक गेली की दुसरीही जाते. जर्मन पेपर सगळे चांगले गेलेत, त्याचा उपयोग शून्य.

"बाबांना सांगायचं न्हाय. माझ्या गळ्याची शपथ घ्या."
घेतली. घ्यायला नको होती.

४ जून, बुधवार
कचेरीबाहेर अर्ज लिहून घेणारं गिऱ्हाईक आज कमी. मीच फोन लावला. चुकलं काय, ते नीट विचारलं.

जर्मन लोक उत्तरात आधी शंका मांडतात, मग एकेक पायरी तपासत शेवटी निकालाला पोचतात. फ्रेंचांना अख्खं उत्तर दोन भागांत पाहिजे, प्रत्येक भागाचे परत दोन तुकडे, वर ठसठशीत मथळे. हिनं फ्रेंच पेपर जर्मन पायऱ्यांनी लिहिला. कायदा बरोबर, मांडणी परकी.

मला एका दमात कळलं. मी सातवी नापास. कानडी शिकलो ते बसच्या पाट्या वाचत. पहिली दोन वर्षं मराठी डोक्यानं कानडी अर्ज लिहायचो. शब्द सगळे बरोबर, तरी कारकून परत ढकलायचा.

"म्हणजे येतंय की तुला सगळं!"
"येतंय ओ. तेच तर. हातच ऐकत न्हाय."

७ जून, शनि.
विजय येऊन गेला. "रेवा लई अभ्यासात दिसती, फोन उचलत न्हाय," म्हणाला आणि खूश झाला. मी पेपर वाचत बसलो. तेच पान तीनदा.

८ जून, रविवार
मंडळाचा अध्यक्ष बाळू आला. पुढच्या रविवारी संध्याकाळी अनगोळातल्या हुशार मुलांचा गुणगौरव. चौकात फलक लावायचा, मधोमध रेवाचा फोटो. "मजकूर तुमीच द्या आप्पा. वर कानडी मोठं, खाली मराठी. सरकारी नियम हाय."

विजय शेजारीच बसलेला, चेहरा नुसता फुललेला.

मी लिहिलं, 'परदेशी कायद्याचे शिक्षण घेत असलेली'. बाळू हसायला लागला. "आप्पा, रेशनकार्डाचा अर्ज हाय व्हय? जोरात लिवा की!" मग विजयनंच सांगितलं, 'दोन देशांची वकील, अनगोळची लेक'. लिहिलं. दोन्ही भाषांत, बिनचूक.

११ जून, बुध.
फलक लागला. सूनबाईनं लगेच फोटो पाठवला रेवाला.

"ते कानडी तुमचं आहे न्हवं, आप्पा?"
"कशावरनं?"
"एवढं शुद्ध गल्लीत दुसरं कोण लिहितंय?" मग, "आता नापास होऊन मी कुठल्या रस्त्यानं घरी यायचं?"

म्हटलं, खानापूरकडनं ये, तिकडनं चौक लागत न्हाय. हसली. हसता हसता रडायला लागली. फोन ठेवला न्हाय, नुसती रडत होती. मी ऐकत बसलो.

शपथ तिनं घातली, फलक मी लिहिला. दोघंही अडकलो. आणि खरं सांगायचं तर, दोन भाषांतला कायदा हे खूळ तिच्या डोक्यात मीच भरलेलं. विजय नको म्हणत होता तेव्हा.

१३ जून, शुक्र.
रेवा म्हणाली, "सगळ्या गावाचे अर्ज लिहिता, माझा लिहा. बाबांच्या नावानं. मला तोंडानं जमत न्हाय."

१४ जून, शनिवार
लिहिला, कागदावरच्या पुऱ्या नावानं. 'अर्जदार रेवती, वय वर्षे बावीस, कारणे अर्ज सादर करते की'... नापास झाले, लपवलं, आप्पांना शपथ घातली, सगळं आलं. लिहिलेलं अर्जदाराला वाचून दाखवायचं, मगच पुढं, हा माझा रिवाज. फोनवर वाचलं. 'तरी विनंती की' इथं आलो तशी म्हणाली, "थांबा."

"काय घालू? परत येऊ द्या म्हणू, का नापास झाले तरी रागावू नका?"
"कळत न्हाय ओ आप्पा. घडीत मंगळवारी पेपराला बसावं वाटतंय, घडीत उद्याच पळून यावं वाटतंय. ती ओळ मोकळी ठेवा. मी सांगितल्याशिवाय बाबांना देऊ नका."

म्हणजे शपथ आहे तशीच. उलट आता कागदावर.

१५ जून, रविवार
संध्याकाळी गुणगौरव, आणि रेवाचा काही निरोप न्हाय. दुपारी विजय जेवायला आलता. भाकरी मोडता मोडता टेबलावरचा घडी घातलेला कागद बघितला. माझ्या कामाचे कागद तो कधी उघडत न्हाय, लहानपणापासनं.

"कुणाचा अर्ज, आप्पा?"
"हाय एका मुलीचा. बापाच्या नावानं."
"काय मागती?"
"ते तिचं अजून ठरलं न्हाय."

तो भात कालवत राहिला. म्हणाला, "मग बापानंच विचारावं की तिला."

मी ताटातच बघत होतो. वर बघितलं असतं तर त्याला कळलं असतं. कळलं का, ते मला कळलं न्हाय. दही न घेताच उठला. एरवी दह्याशिवाय उठत न्हाय. हात धुऊन बाहेर कट्ट्यावर गेला, फोन कानाला लावला. कुणाला, ते आतनं दिसेना. बोलत नव्हता. नुसता कानाला लावून उभा होता.