वरची काच, खालची काच

४ नोव्हेंबर

ठरले. दुर्बिणीचा आरसा घासून पूर्ण झाला की मी हे घर सोडणार.

धाकट्या बहिणीशी बोलणे झाले. तिच्याकडे गच्चीला लागून एक खोली रिकामी आहे. "ताई, दुर्बीण घेऊन ये, नवरा तिथंच ठेव," म्हणाली. तिला गंमत वाटली. मला वाटली नाही.

निमित्त अगदी क्षुल्लक. सकाळी स्वयंपाकघरातून फोरमनना विचारले. फोरमन म्हणजे माझे यजमान. छापखान्यातून निवृत्त झाले, पण त्यांच्यातला फोरमन काही निवृत्त होत नाही. तर विचारले. उत्तर नाही. पुन्हा विचारले. "हं." कशाला हं? मी विचारले होते, चहा की कॉफी!

सारी हयात महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवले. शेवटच्या बाकावर पेंगणारा मुलगासुद्धा माझ्या तासाला सरसावून बसत असे. घरात एकच विद्यार्थी, आणि तोच नापास.

६ नोव्हेंबर

कागदा, तुला तरी नीट सांगते. तू मध्येच उठून जात नाहीस.

एकाच मापाच्या दोन जाड, गोल काचा घ्यायच्या. खालची पिंपावर पक्की बसवायची. तिच्यावर कठीण भुकटी टाकायची (आम्ही तिला दाणा म्हणतो) आणि पाण्याचे चार थेंब. वरची काच त्यावर ठेवून पुढे-मागे घासायची, घासता घासता जराशी फिरवायची, आणि आपणही पिंपाभोवती एकेक पाऊल सरकायचे. बस्स! एवढ्यानेच वरची काच मधोमध खोलगट होत जाते आणि खालची फुगत जाते. साचा नाही, यंत्र नाही; तरी जो आकार येतो तो नेमका गोलाचा तुकडा. का? कारण कसेही सरकवले, कुठेही फिरवले तरी एकमेकांना सर्वत्र चिकटून राहतील असे पृष्ठभाग फक्त गोलाचेच असतात. बाकी कोणताही आकार कुठेतरी अडतो, आणि जिथे अडतो तिथेच झिजतो. हे मला प्रथम उमगले तेव्हा मी भर वाचनालयात टाळी वाजवली होती.

आणि तो आवाज! नवा दाणा टाकला की खरखर. दाणा भरडला जाईल तशी तिची सरसर होते, मग नुसती कुजबुज. कुजबुज आली म्हणजे दाणा संपला. पुसायचे, नवा टाकायचा. हे डोळ्यांना दिसत नाही. कानालाच कळते.

माझा पहिला आरसा अगदी लहान होता. तो घासताना फोरमन बाहेरच्या खोलीतून, वर्तमानपत्रातून डोके न काढता, आवाज द्यायचे, "संपला दाणा!" एकदाही चुकले नाहीत. छापखान्यातला माणूस! कोणत्या यंत्राचा कोणता पट्टा सैल झाला ते झोपेतही सांगितले असते. आता मी तासन्‌तास घासते, बाहेरून चकार शब्द नाही. आज मुद्दाम संपलेल्या दाण्यावरच घासत राहिले, दार सताड उघडे ठेवून. काही नाही. कळत असणारच. सांगायचे नाही, एवढेच.

९ नोव्हेंबर

प्रतिध्वनी आले होते. रोजच येतात.

हे फोरमनचे छापखान्यातले मित्र. पुस्तकबांधणी करायचे. विधुर, एकटे राहतात, दुपारी बुद्धिबळाला येतात. त्याला माझी हरकत नव्हती. पण हल्ली एक नवी खोड लागली आहे. मी काहीही बोलले की हा गृहस्थ फोरमनकडे तोंड करून तेच वाक्य सावकाश, ठणठणीत आवाजात पुन्हा म्हणतो. मी आज म्हटले, दूध तापत ठेवले आहे, उतू जाऊ देऊ नका. लगेच, "दूध ठेवलंय म्हणतायत वहिनी. उतू जाईल." आणि फोरमननी मान डोलावली!

म्हणजे माझे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून आले की त्याला अर्थ येतो.

१० नोव्हेंबर

मी म्हटले, वारा सुटलाय. प्रतिध्वनी: "वारा सुटलाय." मी म्हटले, मी गाढव आहे. प्रतिध्वनी घोडा हातात धरून तसेच थांबले. फोरमन त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. 

पहिला विजय!

१५ नोव्हेंबर

गाण्याच्या तबकड्या गेल्या. सगळ्या.

नोकरी लागल्यापासून मी एकेक घेत आले होते. त्यांच्यासाठी. त्यांना गाण्याचा कान, मला फक्त ध्वनिलहरींचे गणित. तरी शेजारी बसून ऐकायची. आज कपाट उघडले तर कप्पा मोकळा. विचारले तर म्हणाले, प्रतिध्वनींना देऊन टाकल्या. "धूळ खात पडल्या होत्या. कोण ऐकतं आता?"

मी विचारले, कोण म्हणजे? मी माणसांत मोडत नाही?

तोवर पाठ फिरवून पट मांडायला घेतला होता. उत्तर द्यायचीही तसदी नाही. धाकटीला संध्याकाळी सांगितले, खोली झाडून घे.

१८ नोव्हेंबर

आज घासत असताना फोरमन आत आले. न बोलता पिंपाच्या कडेवर तळहात टेकला आणि डोळे मिटून उभे राहिले. मला वाटले, चक्कर आली. तसे काही नव्हते. नुसते उभे.

म्हटले, "हात काढा. पिंपाला ताप आलेला नाही."

हलले नाहीत. शेवटी मीच हात उचलून बाजूला केला. माझ्याकडे पाहिले, म्हणाले, "दळण बरं चाललंय, बाई," आणि गेले. बाई! लग्नानंतर विद्यार्थ्यांचे ऐकून थट्टेने म्हणू लागले, ते अजून सुटले नाही. पूर्वी त्यात लाड होता.

दाराला आतून कडी घातली.

२३ नोव्हेंबर

बारीक दाण्यावर आले! हा टप्पा मला फार आवडतो. काच आता दुधासारखी दिसते, आणि तिरपी धरली तर खिडकीचे पुसट प्रतिबिंब दिसू लागते. पण इथेच खरी शिस्त. जाड दाण्याचा एक कण, नखाखाली, बाहीवर, कुठेही राहिलेला एकच कण, दोन काचांमध्ये सापडला की ओरखडा! आणि ओरखडा गेला नाही तर मागच्या दाण्याकडे परत. म्हणून भिंती पुसल्या, पिंप धुतले, कपडे बदलले. फोरमनना बजावले, या खोलीत पाऊल नाही. "हं," म्हणाले.

धाकटीने विचारले, खोलीला रंग कोणता देऊ? म्हटले काळा, उजेड परावर्तित होता कामा नये. म्हणाली, "ताई, खोलीत माणसंही राहतात गं."

२७ नोव्हेंबर

ओरखडा. कडेपासून थेट मध्यापर्यंत.

क्रमाने लिहिते. सकाळी खोलीला बाहेरून कडी लावून मी बाजारात गेले. परत आले तर कडी उघडी आणि खोली झाडलेली. झाडलेली! कोपऱ्यातल्या जुन्या केरसुणीने, जिच्यात जाड दाणा महिनोन्‌महिने मुरला आहे! कोणत्या केरसुणीने, ते मला तेव्हा काय ठाऊक! मी बसले घासायला, आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीलाच तो किरकिर आवाज. तो आवाज एकदा ऐकला की माणूस विसरत नाही.

बाहेर दोघे पटावर वाकलेले. कोणी झाडली विचारले. प्रतिध्वनी उठून उभे राहिले. म्हणाले, "मी, वहिनी. हाच म्हणाला, तिचे गुडघे दुखतात, वाकवत नाही, जरा झाडून दे."

मी म्हटले, "तुम्हाला स्वतःचं घर नाही का? की तिथं परत बोलून दाखवायला कुणी उरलं नाही?"

बोलून गेले. परत घेतले नाही.

हे वाक्य मात्र त्यांनी फोरमनना ऐकवले नाही. बूट घातले. दाराशी फोरमनच्या समोर उभे राहून सावकाश म्हणाले, "मी आता येत नाही. तू सांभाळ." सांभाळ म्हणजे? मी काय वाघीण आहे?

फोरमननी पट तसाच ठेवला. माझ्याकडे पाहिलेही नाही.

२८ नोव्हेंबर

पुन्हा जाड दाणा. निघणे लांबले.

२ डिसेंबर

अबोला. फोरमन पूर्ण संपावर आहेत. हाक मारा, टाळ्या वाजवा, ढिम्म. दूध दोनदा उतू गेले. आज दाराची घंटा वाजतच होती, आणि हे दाराला लागून असलेल्या खुर्चीत शब्दकोडे सोडवत बसलेले! मी काचेच्या चिखलाने बरबटलेल्या हातांनी दार उघडले. टपालवाला आत डोकावून म्हणाला, "आजोबा झोपलेत वाटतं?"

म्हटले, नाही, संप आहे.

मित्रासाठी एवढे करतात. माझ्यासाठी कधी केले? ठीक आहे. संपाला संपाने उत्तर. मीही बोलणे थांबवले.

३ डिसेंबर

दिवसभर एक शब्द नाही. दुपारी फोरमन माझ्या तोंडाकडे बघत बसले होते. मी पाठ फिरवली.

५ डिसेंबर

काच धुवायची घमेली घेऊन बाहेरच्या खोलीतून जात होते. फरशी ओली. पाय सरकला, घमेली हातातून सुटली आणि फोरमनच्या खुर्चीमागे आदळली. एकात एक तीन घमेली! खालच्या मजल्यावरच्या बाई जिना चढून आल्या, काय पडले विचारायला.

फोरमन माझ्याकडे पाठ करून शब्दकोडे भरत होते. पेन्सिलीची रेघ हललीसुद्धा नाही.

मी तिथेच उभी राहिले. अबोला धरता येतो. न दचकणे धरता येत नाही. मोठा आवाज झाला की खांदे उडतात, पापण्या मिटतात. त्याला मनाची परवानगी लागत नाही. हे मी स्वतः शिकवले आहे, फळ्यापाशी उभी राहून, डस्टर आपटून.

मग प्रयोग केला. खुर्चीच्या मागे, हातभर अंतरावर उभी राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हटले, "मी धाकटीकडे राहायला जाणार आहे. कायमची."

काही नाही. 'आडवे चार' भरले. मग माझी सावली कागदावर पडली असावी. वळले. चेहरा उजळला.

"बाई, केव्हापासून उभी आहेस?"

मी वाकून घमेली गोळा करू लागले.

६ डिसेंबर

प्रतिध्वनींकडे गेले. त्यांनी दार उघडले आणि काही न विचारता खुर्ची पुढे केली. आधी माफी मागितली. "असू दे वहिनी," म्हणाले, "मला वाटलंच होतं तुम्ही चिडणार. केरसुणीचं मला कळायला हवं होतं."

मग विचारले, कधीपासून?

फोरमनचे ऐकणे बऱ्याच दिवसांपासून उणावत होते. छापखान्याच्या यंत्रांनी आपला वाटा वसूल केला. गेल्या वर्षात जवळजवळ सगळेच गेले. समोरून ओठ पाहून थोडे जुळवतात. डॉक्टरांनी कानाला लावायचे यंत्र दिले होते. त्यातून नुसता गोंगाट येतो म्हणून खणात पडले आहे.

"मला शपथ घातली होती. म्हणाला, तिला कळलं तर ती सांगायची थांबेल. आणि ती सांगायची थांबली तर घरात राहिलं काय? म्हणून मी बसायचं, तुमचं ऐकायचं, आणि त्याला द्यायचं. तुम्ही आत गेलात की मग सविस्तर." पुढे म्हणाले, "कसंही सरकवलं तरी सगळीकडे चिकटून राहतात ते फक्त गोलाचेच. बरोबर ना? हे मी त्याला तीनदा सांगितलंय. दर वेळी खूश होतो."

कपाटावर माझ्या तबकड्या होत्या, नीट उभ्या लावलेल्या. वाजवायचे यंत्र कुठे दिसेना. विचारले. नाहीच त्यांच्याकडे! "त्याला भीती, एखाद्या संध्याकाळी तुम्ही म्हणाल, एक लावा. मग तो कसलं तोंड करणार?"

वाटभर संताप. अजून आहे. इतक्या जणांना कळले, डॉक्टरला, बांधणीवाल्याला, एक मी सोडून! आणि माझ्याजवळ काय नव्हते? चहा, तबकड्या, घंटा, पिंपावरचा तो हात. निरीक्षणे सगळी हाताशी, आणि निष्कर्ष मी आधीच लिहून ठेवलेला. असा विद्यार्थी मी उभा केला असता बाकावर.

फोरमनशी भांडायचे आहे. समोर बसून, सावकाश, ओठ नीट हलवून.

७ डिसेंबर

धाकटीला कळवले, खोली भाड्याने दे.

दाराची कडी काढली. फोरमनचा हात धरून आत आणले, तळहात पिंपावर टेकवला, नवा दाणा टाकला आणि घासू लागले. ते डोळे मिटून उभे. मी बराच वेळ फिरत राहिले, काही न सांगता.

"संपला दाणा," म्हणाले.

संपला होता.