केरेन्साला भिंतीपलीकडे नेण्याबाबत

पोर्थगॅरो,
रविवार, ९ मे

आदरणीय हेडली यांस,

डेन्झिलचा नमस्कार. नवीन कानयंत्र कसं चाललं आहे? वहिनी बोलायला लागल्या की तुम्ही ते काढून खिशात ठेवता असं ऐकलं. खरं असेल तर यंत्र चांगलं आहे असं समजतो. इकडे मी ठीक आहे. टोमॅटोची रोपं वर आली आहेत. मांजर अजून माझ्याशी फटकून वागतं (ते केरेन्साचं, आणि जानेवारीत ती गेली त्याचा जाब ते मलाच विचारत असावं).

तुमचं पत्र तिच्या रक्षेच्या डब्याला टेकवून कपाटावर ठेवलं आहे, विषय एकच असल्यामुळे. मे संपेपर्यंत मी तिला बंदराच्या भिंतीपलीकडे, समुद्रात नेलं नाही, तर तुम्ही इंजिनाची होडी घेऊन याल आणि तिचा भाऊ या नात्याने माझं, म्हणजे तिच्या नवऱ्याचं, काम उरकाल, असं तुम्ही लिहिलं आहे. रास्त आहे. पण इंजिन नको, डिझेलचा वास नको, डेन्झिल, तू स्वतः ने, असं ती मला म्हणाली होती. माझी अडचण तुम्ही जाणताच. एकतीस वर्षं मी कचेरीत समुद्राचे नकाशे सांभाळले, समुद्रावर मात्र गेलो नाही (एकदा फेरीबोटीत बसलो होतो, पण ती सुटायच्या आत उतरलो). तेव्हा वल्हवायला शिकणं भाग होतं. आमच्या गावात ते शिकवणारं एकच ठिकाण आहे, मुलांचं सागरी पथक. प्रवेशाचं वय दहा ते अठरा. मी सदुसष्ट.

पथकाच्या प्रमुख चेग्विडनबाई. दिवसा त्या टपाल कचेरीत तिकिटं विकतात आणि मंगळवारी व शुक्रवारी संध्याकाळी कप्तान असतात. मोठ्या माणसांना मदतनीस म्हणून घेतात असं कळल्यावर मी अर्ज भरला. ‘उद्देश’ या रकान्यात ‘कुतूहल’ असं लिहिलं. खरं कारण टपाल कचेरीच्या रांगेत सांगण्यासारखं नव्हतं, आणि कुतूहल होतंच. बाईंनी अर्ज वाचला, मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “वल्ह्याचं नंतर बघू, माझ्या राजा. चाळीस जणांचा चहा जमेल का?”

पथकाची इमारत पाण्यापासून अर्धा मैल आत, लाँड्रीच्या मागे आहे. पण तिला इमारत म्हणायचं नाही, ते जहाज आहे. आत शिरताना निशाणाला सलाम करायचा. जमीन म्हणजे डेक. बाहेर पडणं म्हणजे किनाऱ्यावर उतरणं, आणि त्यासाठी परवानगी लागते. मला याचं नवल वाटलं. खिडकीतून गाई चरताना दिसतात, तरी तीस मुलं चारी बाजूंना समुद्र धरून वावरतात आणि एकही चुकत नाही. हे जहाज चाललंय तरी कुठे, असं मी मेरिनला विचारलं. (मेरिन हॉस्किंग, वय तेरा, पथकातली माझी वरिष्ठ.) तिने नीट विचार केला. “कुठेच नाही, सर. आपण नांगर टाकलाय.”

दाराशी एक फळी आहे. तिच्यावर प्रत्येकाच्या नावाची पट्टी. आलात की ‘जहाजावर’, निघालात की ‘किनाऱ्यावर’ अशी फिरवायची. माझी सवय तुम्हाला माहीत आहे, मी लग्नातूनसुद्धा न सांगता निघतो. पहिल्या शुक्रवारी कपबश्या धुतल्या, कचरा टाकायला मागच्या दाराने बाहेर आलो आणि तसाच घरी गेलो. टोस्टवर घेवडा वाढून घेतला तोच दार वाजलं. बाहेर मेरिन आणि आणखी दोघं, पूर्ण गणवेशात.

“सर, तुम्ही जहाजावर आहात.”

मी घरात आहे, असं मी म्हणालो.

“फळीवर तुम्ही जहाजावर आहात. सगळे उतरल्याशिवाय कोणालाच उतरता येत नाही. मुलं रांगेत उभी आहेत, सर. त्यांचे आईबाप गाड्यांत बसलेत.”

तुम्हीच माझी पट्टी फिरवा, असं मी सुचवलं. तिघांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी बूट चढवले. परत गेलो, सलाम करून जहाजावर चढलो, परवानगी मागितली, पट्टी फिरवली आणि उतरलो. तीस मुलं माझ्याकडे पाहत होती. लाज वाटली खरी. पण हेडली, जानेवारीपासून मी कुठे आहे याची कोणी नोंद ठेवली नव्हती.

“याला नजरेसमोर ठेवायला हवं,” बाई म्हणाल्या आणि शिक्षा म्हणून मला स्वयंपाकघरातून काढून नावेत बसवलं.

नावेत वल्हवणारा पाठमोरा बसतो हे मला नकाशांवरून कधी कळलं नव्हतं. जायचं तिकडे बघायचं नाही का, असं मी विचारलं. सुकाणूवरची मेरिन म्हणाली, “ते माझं काम. तुम्ही माझ्याकडे बघा आणि पाणी ओढा. कुरवाळू नका त्याला.” तिसऱ्या फटक्याला वल्हं खोल रुतलं, मूठ छातीवर आदळली आणि मी तळाशी उताणा पडलो. एकही मूल हसलं नाही. नावेत हसायला बंदी आहे. धक्क्यावर आल्यावर ती परवानगी मागून हसली.

याला सहा आठवडे झाले. आता मी बंदरात तरंगणाऱ्या तांबड्या बोयापर्यंत जाऊन येतो. गेल्या मंगळवारी बाईंना खरं कारण सांगितलं. त्यांनी नाक शिंकरलं आणि छोटी नाव द्यायचं कबूल केलं. तेव्हा तुमच्या होडीची गरज नाही, तसदी घेऊ नये. वहिनींना नमस्कार.

आपला,
डेन्झिल ट्रेम्बथ

ता. क. — केशराचे बन पाठवले होते ते पोचले का? केरेन्साच्या वहीत पाहून केले. कडक झाले असतील तर कळवू नका.

ता. क. २ — वर ‘जाऊन येतो’ लिहिलं, ते मोठ्या नावेबद्दल. तिच्यात माझ्याबरोबर पाच मुलं असतात आणि मी डावं वल्हं मारतो.

ता. क. ३ — छोट्या नावेला वल्ही दोन, आणि ती इतकी लांब की माणसंही दोन लागतात. मेरिन सुकाणू धरेल, तिच्या आईने होकार दिला आहे. दुसरं वल्हं मुलाच्या हाती देणं मला बरं वाटत नाही. एकट्याने एकच वल्हं मारलं तर नाव जागच्या जागी गोल फिरते, हे काल करून पाहिलं. मेरिनच्या मोजणीनुसार अकरा वेळा. लहानपणी तुम्ही आणि केरेन्सा एकाच नावेत वल्हवत होता आणि तुम्ही तिला कधी डावीकडचं सोडून दुसरं दिलं नाहीत, अशी तिची तक्रार असे. शनिवार, २२ तारीख. भरती दहा वाजून दहा मिनिटांनी. उजवीकडे तुम्ही बसाल का?