अमावास्येचं राहिलं ते पौर्णिमेला

४ फेब्रुवारी

चि. पिटुकलीस अ. उ. आ.

तू पाठवलेले काळे चष्मे पोचले. ग्रहण मात्र पोचलं नाही. काल सकाळी सगळी बिल्डिंग गच्चीवर जमली आणि चंद्र सूर्याला टेकायच्या सुमारास असं आभाळ भरून आलं की विचारू नकोस. एकेक जण कामाला निघून गेला. शेवटी मी आणि वरच्या मजल्यावरचे बँडमास्तर, दोघंच चष्मे लावून बसून राहिलो. त्या चष्म्यातून ढगसुद्धा दिसत नाहीत, नुसता मिट्ट काळोख.

मास्तर आठवडाभर म्हणत होते की ग्रहण बघता बघता तुम्हाला एक विचारायचं आहे. काल म्हणाले, ग्रहणच झालं नाही, आता पुढच्या ग्रहणाला विचारतो, आणि खाली गेले. अख्ख्या गावाला ट्रंपेट ऐकवणारा माणूस, पण बोलायचं म्हटलं की दम संपतो. मी मशीनवर येऊन बसले, तर शाळेच्या एका शर्टाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

तर पुढचं सूर्यग्रहण आपल्याकडे कधी, ते तुमच्या तारांगणात विचारून कळव. मास्तरांना हवंय, मला नाही.

तब्येतीला जप आणि लोभ आटू देऊ नकोस.
तुझी, अजिबात घाई नसलेली
आई

९ फेब्रुवारी

ती. आईस शि. सा. न.

विचारायचं कुणाला? तारांगणात ग्रहणं मीच सांगते. आपल्याकडचं पुढचं सूर्यग्रहण इतकं लांब आहे की तोवर मास्तरांना प्रश्नच आठवायचा नाही.

पण ग्रहणं सहसा एकटी येत नाहीत. अमावास्येला चंद्र आपल्या आणि सूर्याच्या मधे आला. पंधरवड्यात तो फिरून पलीकडच्या बाजूला जातो. एरवी या तिघांची रांग वाकडी असते, म्हणून दर महिन्याला ग्रहण होत नाही. पण एकदा जुळली की ती लगेच मोडत नाही. मग आपलीच सावली चंद्रावर पडते. म्हणून सूर्यग्रहणाच्या आधीच्या नाहीतर नंतरच्या पौर्णिमेला चंद्रग्रहण जवळजवळ ठरलेलंच. या वेळी ते नंतर आहे, सतरा तारखेला. चंद्र उगवेल तोच ग्रासलेला. दिवेलागणीला गच्चीवर जा. मलाही इथून तोच दिसणार आहे.

मास्तरांना सांग, चंद्रग्रहणाला काळा चष्मा लागत नाही. उघड्या डोळ्यांनी विचारावं लागेल.

आणि आई, तू विचारलं नाहीस तरी सांगते. बाबा गेल्यावर तुझ्या पत्रांत कितीतरी वर्षं फक्त शिलाई आणि गुडघा असायचा. हल्ली पानापानावर मास्तर असतात. मला ते वाचायला आवडतं. तू घाई कर.

लोभ आहेच. बातमी कळली की दुप्पट करीन.
तुझी पिटुकली

१९ फेब्रुवारी

चि. पिटुकलीस अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग तोंड धुऊन मास्तरांना तुझा निरोप सांगितला.

परवा चंद्र पाण्याच्या टाकीमागून वर आला, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा. मास्तर इस्त्रीचा कोट घालून आले, आणि सगळं सांगूनही खिशातून काळा चष्मा काढून डोळ्यांवर चढवला. चंद्र दिसेना, मी दिसेना, तेव्हा कुठे त्यांना धीर आला. टाकीकडे तोंड करून म्हणाले, उरलेली वर्षं एका घरात काढायला तुमची हरकत आहे का. मी जाऊन चष्मा काढून घेतला आणि सांगितलं की हरकत नाही, पण माझ्या दुपारच्या झोपेत ट्रंपेट चालायचं नाही. चंद्र पुरता सुटल्यावर ते खाली जाऊन ट्रंपेट घेऊन आले. मग जिन्यात उभं राहून असं काही वाजवलं की तळमजल्यापर्यंत सगळी दारं उघडली.

लग्नाच्या सह्या पुढच्या महिन्यात. तू रजा टाक.

काल मास्तर सामान कुठे ठेवायचं ते बघायला आले होते. मी भिंतीवरचा तुझ्या बाबांचा फोटो उतरवायला गेले, तर त्यांनी मला थांबवलं. म्हणाले, मी यांच्या घरी राहायला येतोय, यांना भेटल्याशिवाय कसा येऊ. आणि खुर्ची ओढून फोटोसमोर बसले, कोटाची बटणं लावली आणि त्यांना आपलं नाव सांगितलं.

लोभ आता दोघांचा समज.
आई