बटणं कुठल्या बाजूला?

मंगळवार, संध्याकाळ

ड्रायक्लीनवाल्या मामांबद्दलचा माझा संशय आज खरा ठरला. ह्यांच्या लिननच्या शर्टाला ते साठ रुपये घेतात, माझ्या शर्टाला ऐंशी. दोन्ही एकाच ताग्यातले, मीच शिवलेले. माझा तर मापानं लहानच. मागं विचारलं तर म्हणाले, "लेडीज हाय की ताई, लई जपून करावं लागतंय."

जपतात म्हणजे नेमकं काय करतात? म्हणून माझ्या नव्या शर्टाला मुद्दाम उजवीकडं बटणं लावली, पुरुषांसारखी. आज मामांनी बटणांवरून अंगठा फिरवला आणि पावतीवर साठ लिहिले. म्हणजे इतकी वर्षं मी बटणांच्या बाजूचे वीस रुपये देत होते?

फणफणतच माझ्या शिलाईच्या दुकानात आले. एक कॉलेजातली मुलगी शर्टाचं कापड घेऊन थांबली होती. भिंतीवरचे दर वाचून म्हणाली, "काकू, लेडीज शर्टाला पन्नास जास्त का हो?"

"जपून शिवावं लागतं गं," मी बोलून गेले.

बटणं उजवीकडं असोत की डावीकडं, टाके तर मी सारखेच घालते.

तिनं मान डोलावली आणि कापड माझ्या हातात दिलं. मी मामांना शर्ट द्यायची, अगदी तसंच.