फुटलेल्या दोन लाद्या

मुलुंड, रविवार

लाडक्या सुलूला नितेशदादाचा भरभरून आशीर्वाद.

मी मजेत आहे. आईला सांग, या वेळी काम सोडलेलं नाही. गुडघे जरा दुखतात, ते सांगू नको. तिचा खोकला कसा आहे?

गणित जमत नाही म्हणून शाळा सोडणार म्हणालीस, तेव्हापासून चैन नाही. म्हणून हे ऐक. मी एका क्लासच्या पॅसेजमध्ये लादी बसवतोय. तिथल्या पेट्रिशिया मॅडम फुकट मिळणाऱ्या पुस्तकातून शिकवतात. ते कुणीही छापावं, वाटावं, बदलावंसुद्धा; परवानगी आतच लिहिलीय. परवा त्यांनी विचारलं, दहा बाय बारा फुटांची खोली, दोन बाय दोनच्या किती लाद्या? पोरं ओरडली, “तीस!”

मी बाहेरून बोललो, “मॅडम, तीसच आणल्या तर वाट लागेल. दोन तरी फुटतातच!”

मॅडम हसल्या आणि पुस्तकात तसंच घातलं. खाली माझं नाव! नववी नापासाचं! बोल आता.

त्याची छापील प्रत सोबत पाठवतोय. शाळा सोडू नको गं. आई मासळीबाजारात बांगड्यांचे वाटे लावते, तसलं गणित त्यात अजून नाही. तिला विचारून ते तू लिही. मॅडम घालणार म्हणाल्यात, माझ्या नावाखाली तुझं नाव.

वाट बघणारा,
नितेशदादा